तोंडात खिळे असताना दिलेला शब्द

धाकट्याने मंगळवारी सकाळी ठरवलं, की यापुढे तोंडाने काही बोलायचं नाही. जे काय असेल ते सरळ लिहून द्यायचं. सातवीत गणिताच्या तासाला वर्गातून उठून गेलेला आणि पुन्हा कधीच न परतलेला माणूस असं काही ठरवतो, तेव्हा शहाण्याने चार पावलं मागे सरकावं. पण त्या वेळी दुकानात शहाणं कोणी नव्हतं. धाकटा होता, पोट फाडून ठेवलेला एक सोफा होता, आणि कोपऱ्यात वकीलबाईंची खुर्ची होती.

दुकान खुर्च्या-सोफ्यांच्या दुरुस्तीचं. खाली दुकान, वर राहायच्या खोल्या. वडिलांच्या मागे दोघा भावांचं, अर्धं अर्धं. दादा कापायचा, शिवायचा, गिऱ्हाइकाशी बोलायचा. धाकटा खिळे ठोकायचा. या कामात खिळे तोंडात धरतात. एका हाताने कापड ताणून धरलेलं, दुसऱ्या हातात चुंबकाची हातोडी, मग खिळे ठेवणार कुठे? मूठभर बारीक खिळे गालात भरायचे, जिभेने एकेक ओठांवर आणायचा, हातोडीने तिथूनच उचलायचा आणि ठोकायचा. त्यामुळे कामात असताना धाकट्याला बोलता येत नसे, तो मान हलवत असे. आणि त्याची मान कशीही हलत असे. म्हणून दादाने नियमच करून टाकला होता, की तोंडात खिळे असताना दिलेला शब्द धरायचा नाही. गिऱ्हाइकाने "उद्या मिळेल ना?" विचारलं आणि धाकट्याने मान डोलावली, की दादा आतल्या खोलीतून ओरडायचा, "त्याच्या तोंडात खिळे आहेत हो, ते धरू नका! परवा या."

दादा जाऊन दोन महिने आणि चार दिवस झाले होते. आता आतून कोणी ओरडत नव्हतं.

आणि नेमकं त्या मंगळवारी वहिनी जिना उतरून खाली आली, मुळात स्वच्छ असलेलं टेबल तिने दोनदा पुसलं आणि टेबलाकडेच बघत म्हणाली, "भावजी, माझ्या भावाचा फोन होता. म्हणतो, लेकीला घेऊन इकडे ये. मलाही वाटतं, इथे राहून काय करू? दुकान अर्धं तुमचं, खोल्या अर्ध्या तुमच्या. उद्या तुमचं लग्न होईल. मग तुमची बायको मला कुठल्या अर्ध्यात ठेवणार? शनिवारी तो टेम्पो घेऊन येतोय. जाऊ ना?"

धाकट्याच्या तोंडात सतरा खिळे होते. त्याला 'नाही' म्हणायचं होतं. जोरात म्हणायचं होतं. पण हनुवटी सोफ्याच्या लाकडी चौकटीत अडकलेली, त्यामुळे मान आडवी फिरेना; ती फक्त वरखाली झाली.

"बरं," वहिनी म्हणाली आणि वर निघून गेली.

धाकट्याने खिळे हातावर थुंकले. सोळा भरले. (सतरावा नंतर शर्टाच्या खिशात सापडला, पण तोवर त्याने घाबरून सहा केळी खाल्ली होती.)

आता कोणीही म्हणेल, अरे बाबा, धावत वर जा आणि सांग, जाऊ नका म्हणून. बारा पायऱ्यांचं काम. पण धाकट्याला गेले दोन महिने 'वहिनी' या शब्दापुढे वाक्यच येत नव्हतं. अर्ध्यावर घसा दाटून यायचा, आणि आपला घसा दाटलाय हे कोणाला कळू नये म्हणून तो एकदम ओरडायचा, "चहा!" त्यामुळे त्या घरात हल्ली चहा फार होत असे. एका दिवशी तर अकरा वेळा झाला.

म्हणून त्याने लिहायचं ठरवलं. अर्ध्याचीच अडचण आहे ना? मग आपलं अर्धं देऊन टाकू, म्हणजे सगळंच तिचं. स्वतःचं घर सोडून कोण जाईल? कापड बेतायच्या खाकी कागदाचा एक तुकडा फाडून त्याने खडूने लिहिलं: 'करार. मी माझे अर्धे दुकान आणि अर्ध्या खोल्या वहिनीस देत आहे. कायमचे.' खाली सही ठोकली आणि कागद वर नेऊन दिला.

वहिनीने तो दोनदा वाचला. ती दहावी झालेली होती, आणि हे ती एरवी कधी जाणवू देत नसे.

"हा करार कोणाकोणात?"

"तुमच्यात नि माझ्यात."

"तुम्ही अर्धं देणार. मी काय देणार?"

"काही नाही."

"मग मी यात कशाला आहे?"

धाकट्याने आपल्या सहीकडे बोट दाखवलं.

"मला कोणाची दया नको, भावजी," वहिनी म्हणाली आणि तिने कागदाची घडी करून परत दिली.

"चहा!" धाकटा ओरडला.

वकीलबाईंचं ऑफिस रस्त्यापलीकडे. धाकटा कागद घेऊन तसाच तिकडे घुसला. वकीलबाई एका उंच स्टुलावर बसल्या होत्या, आणि गुडघे टेबलाखाली मावत नाहीत म्हणून तिरक्या बसल्या होत्या. दोन महिने त्या अशाच बसत होत्या.

"खुर्ची आणलीत?"

"नाही."

"मग कशाला आलात?"

धाकट्याने कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. (माणसं शिवी गिळतात तेव्हा असं करतात.)

"हा करार नाही."

"वर लिहिलंय ना करार?"

"अहो, मी कपाळावर 'रेडिओ' लिहिलं म्हणून गाणी लागतील का? नीट ऐका. मी तुम्हाला खुर्ची दिली. मी विचारलं, आठवड्यात दुरुस्त होईल ना? तुम्ही होकार दिलात. मी म्हटलं, बरं, पैसे देते. तुम्ही काहीतरी देणार, मी काहीतरी देणार. याला म्हणतात करार. त्याला कागदसुद्धा लागला नाही. तुम्ही नुसती मान हलवलीत, तेवढ्यावर झाला. आणि तो तुम्ही मोडलात."

"माझ्या तोंडात खिळे होते."

"कायद्याला खिळे दिसत नाहीत! आता हा तुमचा कागद. यात तुम्ही देताय आणि बदल्यात काहीच घेत नाही. बदल्यात काही नसेल तर नुसता शब्द चालत नाही. उद्या तुम्ही म्हणाल, छे, मी कुठे म्हणालो? म्हणून फुकट द्यायचं असेल, तर त्याचा रीतसर दस्त करावा लागतो. बक्षीसपत्र. ते लिहिलेलं पाहिजे, दोन साक्षीदारांसमोर तुमची सही पाहिजे, त्यांच्या सह्या पाहिजेत, मग कचेरीत नोंद. आणि मुख्य म्हणजे ते तिच्या हातात गेलं पाहिजे आणि तिने घेतलं पाहिजे. खिशात घालून हिंडलात, तर ती नुसती रद्दी."

"म्हणजे बदल्यात काही घेताना दोघं लागतात, तरी ते सोपं. आणि फुकट देताना एकटाच, तरी जास्त कटकट?"

वकीलबाई स्टुलावर सावरून बसल्या. "हो," त्या म्हणाल्या. "कारण फुकट देणारा माणूस बहुतेक वेळा घाईत असतो. एकदा दिलं की परत मागता येणार नाही. नीट विचार केलाय ना?"

"केलाय," धाकटा म्हणाला. (रस्ता ओलांडायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ केला होता. त्यातही मध्ये एक सायकल आली होती.)

वकीलबाईंनी मजकूर सांगितला, टायपिस्टने तो टाइप केला. मग त्यांना कोर्टात जायचं होतं. "दुकानातल्या वस्तूंची यादी तुम्ही याला सांगा, हा खाली जोडेल," असं म्हणून त्या गेल्या. धाकट्याने डोळे मिटले आणि दुकानात दारापासून सुरुवात करून नजरेसमोर जे जे आलं ते सांगत गेला. शिलाई मशीन, एक. मोठी कात्री, एक. हातोड्या, तीन. मग नजर जिना चढून वर गेली, तरी तो थांबला नाही. टायपिस्ट सांगितलं ते टाइप करणारा माणूस होता. वीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं.

यादी संपली आणि धाकट्याने तिथल्या तिथे सही ठोकली.

"साक्षीदार?" संध्याकाळी परत आलेल्या वकीलबाईंनी विचारलं.

"ते परवा येतील."

"अहो, सही त्यांच्या*समोर* करायची!" आणि त्यांनी कागद टराटरा फाडला.

गुरुवारी शेजारच्या घड्याळजींना आणलं. दुसरा साक्षीदार टायपिस्ट. घड्याळजी डोळ्यात भिंग अडकवूनच आले आणि म्हणाले, वाचल्याशिवाय मी कुठे सही करत नाही. भिंगातून त्यांना एका वेळी एकच अक्षर दिसत होतं. पाऊण तास ते अक्षरं बघत होते. मध्ये दोनदा ओळ चुकली म्हणून वरून सुरुवात केली. शेवटी त्यांनी समाधानाने मान डोलावली आणि झोकदार सही केली. धाकट्याच्या जागेवर.

वकीलबाईंनी कागद उचलून बघितला. "झकास. आता या कागदाप्रमाणे तुमचं दुकान हे देतायत."

"मग काय झालं?" घड्याळजी उदारपणे म्हणाले. "दिलं मी."

तिसऱ्या कागदावर सगळ्यांच्या सह्या आपापल्या जागी पडल्या. वकीलबाईंनी तो पुन्हा वाचला नाही. (त्या स्टुलावर बसून कोणीही काही तिसऱ्यांदा वाचणार नाही.) "आता हे तिच्या हातात द्या, तिने घेतलं की कचेरीत नोंद करू," त्या म्हणाल्या, "आणि पुढच्या वेळी याल ते खुर्ची घेऊन."

हातात द्या! म्हणायला काय जातं?

शुक्रवारी सकाळी वहिनी भांडी कागदात गुंडाळत होती. धाकट्याने कागद पुढे केला. "घ्या."

"काय आहे?"

"घ्या ना."

"आधी सांगा काय आहे."

"घेतलंत की कळेल!"

वहिनीने दोन्ही हात पाठीमागे नेले. धाकट्याने कागद पिठाच्या डब्यात ठेवला. तासाभराने तो दुकानाच्या टेबलावर परत आला, पिठासकट. मग त्याने तो तिच्या बॅगेत कपड्यांच्या घडीखाली सरकवला. दुपारी तो त्याच्या उशीवर होता. शेवटी त्याने पुतणीला गाठलं. ती सात वर्षांची, पुढचा दात पडलेली.

"हे आईला नेऊन दे."

ती गेली आणि परत आली. "आई म्हणते, काकाला नेऊन दे."

"तिला सांग, हे घ्यावंच लागतं. कायदा आहे."

ती गेली आणि परत आली. "आई म्हणते, कायद्याला म्हणावं, तू ये घेऊन." मग ती शेवटच्या पायरीवर बसली. "काका, मी आता नाही जाणार. माझे पाय दुखतात. तुम्ही दोघं मोठे आहात ना? मग तुमचं तुम्ही बोला की!"

धाकट्याला याचा अतिशय राग आला, कारण तिचं बरोबर होतं.

शनिवारी दहा वाजता टेम्पो दारात लागला. वहिनीचा भाऊ दारातून तिरकाच आत यावा एवढा मोठा माणूस. त्याने तासाभरात पलंग, कपाट, मिक्सर, शेगडी सगळं उतरवून टेम्पोत चढवलं. धाकटा खाली सोफ्याशी झटापट करत राहिला. कागद शर्टाच्या खिशात होता. म्हणजे रद्दीच.

शेवटी वहिनी हातात एक पिशवी घेऊन खाली आली. निरोपाचं काहीतरी बोलायचं म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर कोपऱ्यात गेली.

"वकीलबाईंची खुर्ची अजून तशीच?"

ती तशीच होती. उंच पाठीची लाकडी खुर्ची, हातांवर गादी असलेली. डावा हात दादाने पुरा केला होता. उजव्या हातावर त्याने कापड नुसतं बेतून, खिळे अर्धेच ठोकून ठेवले होते. हे खिळे नंतर काढायचे असतात. ते काढायचे, कापड ताणून घ्यायचं आणि मग पक्के ठोकायचे. अर्ध्या तासाचं काम. दोन महिने धाकटा ती खुर्ची रोज सकाळी पुढे ओढायचा, फडक्याने पुसायचा आणि पुन्हा कोपऱ्यात ठेवायचा.

"हे दादाने लावलेत," तो म्हणाला. "हे काढले, की मग..."

त्याने 'चहा' म्हणायला तोंड उघडलं, आणि शेगडी टेम्पोत आहे हे आठवलं.

वहिनी पिशवी खाली ठेवून खुर्चीशेजारी, जमिनीवरच, बसली.

"भावजी, फुकट मी कोणाचं काही घेणार नाही. नवऱ्याचं अर्धं मला आहे, तेवढं पुरे. पण करार करायचा असेल, तर करते. तुम्ही ही खुर्ची पुरी करा. आत्ता, माझ्यासमोर. मी टेम्पो परत पाठवते."

"आणि हा कागद?"

"तोही घेते. ठेवते जपून. अहो, मला तुमचं अर्धं नको होतं. मला एकदा कोणीतरी 'राहा' म्हणायला हवं होतं. दोन महिने तुम्ही मला नुसतं चहा, चहा करताय!"

धाकट्याला डोळ्यांचं काय करावं ते सुचेना. त्याने नेहमीसारखी डब्यातून मूठ भरली आणि खिळे तोंडात टाकले.

"कबूल?" वहिनीने विचारलं.

त्याने जोरजोरात मान हलवली.

"अं हं. आधी खिळे काढा."

त्याने खिळे काढले. ओठ पुसले. "राहा," तो म्हणाला. मग एकदा जमलं म्हणून पुन्हा म्हणाला, "वहिनी, राहा. जाऊ नका."

"म्हणजे आता हे सगळं परत वर न्यायचं?" दारातून तिच्या भावाने विचारलं. त्याच्या पाठीवर अजून एक गादी होती.

"हो रे बाबा."

"पलंगसुद्धा?"

"पलंग आधी."

तो जे पुटपुटला ते पुतणीने शब्दन् शब्द लक्षात ठेवलं आणि पुढे शाळेत वापरलं.

धाकट्याने कागद वहिनीच्या हातात दिला. तिने तो घेतला. मग दादाचे खिळे त्याने एकेक करून उपसले. चौदा होते. ते त्याने वेगळ्या डबीत ठेवले, कापड ताणलं, आणि ठोकायला सुरुवात केली. एकदा हातोडी अंगठ्यावर बसली, तेव्हा त्याने मनसोक्त रडून घेतलं. अंगठ्यासाठी रडायला कोणाची ना नसते.

चार वाजता पुतणीकडून निरोप मिळाला तशा वकीलबाई खुर्ची न्यायला आल्या, स्वतःच, सोबत टायपिस्टला उचलायला घेऊन.

"थांबा," वहिनी म्हणाली. ती टेबलाशी बसून तो कागद पहिल्यांदाच वाचत होती. "यादीत अकरावा नंबर. 'उंच पाठीची लाकडी खुर्ची, एक, दुरुस्ती चालू.' ही माझी आहे."

वकीलबाईंनी कागद हिसकावून घेतला. अकरावा नंबर वाचला. खाली साक्षीदाराची सही बघितली. मग टायपिस्टकडे बघितलं.

"तुला माझी खुर्ची ओळखू आली नाही?"

"त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं."

"आणि तुम्ही! तुम्ही माझी खुर्ची माझ्याच ऑफिसात बसून दान केलीत?"

"डोळे मिटले होते," धाकटा म्हणाला.

"अहो, जे आपलं नाही ते देता येत नाही! अकरावा नंबर रद्द. खुर्ची माझी."

"आणि बारावा?" वहिनीने विचारलं. "'खाट, एक, वरच्या खोलीतली, पाय हलतो.'"

"ती कोणाची?"

"माझी," धाकटा म्हणाला.

"होती," वकीलबाई म्हणाल्या. "ती मात्र गेली." गेल्या दोन महिन्यांत त्या पहिल्यांदाच हसल्या. मग सावकाश, दोन्ही हातांवर हात ठेवून, त्या आपल्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

"वा," त्या म्हणाल्या. "हा डावा हात काय सुंदर केलाय. हाताखाली आहे असं वाटतसुद्धा नाही." मग त्यांनी डोळे उघडले. "आणि हा उजवा कोणी केला? याच्यात बटाटा ठेवलाय का?"

धाकट्याने घाईघाईने सोफ्याकडे वळून तोंडात खिळे भरले.

"हे पुन्हा करून द्यावं लागेल. उद्या मिळेल?"

त्याने मान डोलावली.

"भावजींच्या तोंडात खिळे आहेत हो, ते धरू नका!" वहिनी ओरडली. ती कधी आतल्या खोलीत गेली, ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. "परवा या."

कापड ताणून धरलेला धाकट्याचा हात तसाच थांबला. वकीलबाई उठल्या आणि आपल्या स्टुलाकडे परत निघाल्या. त्याने खिळे हातावर थुंकले, घसा खाकरला, आणि दुसरं काहीच सुचेना म्हणून ओरडला, "वहिनी, चहा!"

"आता दुकान माझं आहे," आतून उत्तर आलं. "तुम्ही करा. मला साखर कमी."